पाच मोजेपर्यंत

रशीद सर सकाळी प्रयोगशाळेत आले की आधी दोन्ही हात समोर पसरायचे, एसटी थांबवताना करतात तशी मनगटं वर उचलायचे आणि पाच आकडे मोजायचे. मगच कोट अंगात. बीडच्या त्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले तेव्हा मला वाटलं, व्यायाम असेल. महिनाभर मी तोंड फिरवून हसून घेतलं.

सरांचं संशोधन विषारी धातूंवर. शिसं मिसळलेल्या पाण्यात ते लोखंडाच्या ऑक्साइडची काळी पूड टाकत. तिचे कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाहीत. नॅनोकण म्हणतात त्यांना. शिसं त्या कणांना चिकटायचं. मग सर काचेला बाहेरून चुंबक लावायचे आणि सगळी पूड शिशासकट सरकत एका बाजूला गोळा व्हायची. चुंबकाचा जोर किती ठेवला तर किती शिसं निघतं, याच्या त्यांनी वह्याच्या वह्या भरल्या होत्या. मी हातातलं काम टाकून बघत राहायचे. सर मात्र माझे हातमोजे बघत असायचे. "आदी भ्या, मंग हात लावा," हे त्यांचं रोजचंच. पोरं मागे त्यांना 'भित्रे सर' म्हणत. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू!

एकदा मी डब्यात कढी नेली. डबा पितळेचा, सासूबाईंनी धारूरहून ताजी कल्हई करून पाठवलेला, आतून लखलखीत. मी घास उचलला आणि सरांनी माझा हात धरला. एरवी चहाचा कपही हातात न देता टेबलावर ठेवणारा माणूस! कल्हई कुणी केली, असं त्यांनी विचारलं. बाजारातल्या जब्बारभाईंनी, मी म्हणाले. सरांचा चेहरा पार उतरला. जब्बारभाई त्यांचे सख्खे धाकटे भाऊ.

कल्हई खरवडून सरांनी आम्लात विरघळवली, वरून औषधाचे चार थेंब सोडले. नळीच्या बुडाशी हळदीसारखा पिवळा साका बसला. म्हणजे शिसं. सर स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच घरचं बोलले. त्यांचे अब्बा कल्हई करताना कथलात शिसं मिसळायचे. फसवायला नव्हे, शिशानं कल्हई झरझर पसरते, भांडं चमकतं, गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून त्यांना तेच चांगलं काम वाटायचं. पुढे त्याच शिशानं अब्बांचे हात मनगटापासून गळाले. भाकरीचा तुकडा मोडता येईना. सर रोज सकाळी हात का उचलतात, ते मला तेव्हा कळलं.

पण माझं लक्ष कुठे होतं? त्याच कल्हईची दोन पातेली माझ्या घरात होती. माझी सई तीन वर्षांची. वरणभात खायला लागली तेव्हापासून त्याच पातेल्यातलं वरण मी तिला भरवत होते, माझ्या हातानं. मी वेड्यासारखी म्हणाले, सर, तुमची ती पूड, ते चुंबक, सईसाठी काही...

"पाण्यातून निघतं, बेटा," सर म्हणाले. "रगतातून न्हाई."

ते कधी खोटं बोलत नसत. त्या दिवशी बोलले असते तर बरं झालं असतं.

सईचं रक्त तपासायला पुण्याला गेलं. आठ दिवस जीव टांगणीला. सई धडपडली तरी मी आधी तिची मनगटं बघायचे. आणि सर, भित्रे सर, त्याच आठवड्यात रविवारी धारूरला गेले. भावाची गिऱ्हाइकं घरोघरी गाठून, ही आमच्या घरची कल्हई आहे, यात शिजवू नका, असं सांगत फिरले. शेवटी भावाच्या भट्टीपुढे उभे राहिले. सासूबाई तिथंच होत्या, त्यांनीच मला हे सांगितलं. जब्बारभाई भर बाजारात म्हणाले, "अब्बाची भट्टी इझवायला आलास का?"

"मला बी भ्याच वाटायलंय, जब्बार. तू हात वर कर."

जब्बारभाईंनी रागारागानं दोन्ही हात पुढे केले. उजवं मनगट उचललं. डावं निम्म्यावर आलं आणि तिथंच थरथरत राहिलं. सरांनी ते मनगट आपल्या हातात धरलं आणि जब्बारभाईंनी दुसऱ्या हातानं भट्टीवर पाणी ओतलं.

सईच्या रक्तात शिसं निघालंच. पातेली तर कल्हई तपासली त्याच दिवशी घराबाहेर गेली होती. तीन महिन्यांनी रक्तातलं शिसं कमी झालं, पुढे आणखी कमी. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण दिसत नाही. 'दिसत नाही' म्हणतात, 'नाही' म्हणत नाहीत.

सर मागच्या वर्षी हृदयविकारानं गेले. जब्बारभाई त्यांच्या वह्या न्यायला कॉलेजात आले, तेव्हा डाव्या हाताला पट्टा होता. त्यांनी एकच सांगितलं, "भाईचे हात आखरीपर्यंत सीधे व्हते."

सई आता शाळेत जाते. रोज सकाळी दारात उभी राहून दोन्ही हात पसरते आणि मनगटं वर उचलते. तिला तो आमचा दोघींचा खेळ वाटतो. आकडे मोठ्यानं तीच मोजते, आणि तिचे पाच होईपर्यंत मी श्वास घेत नाही.