आप्पासाहेबांची कॅप्सूल

भानुमतीबाई आयुष्यभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. त्या रिटायर झाल्या तेव्हा कॉलनीला वाटलं, आता बाई जरा शांत बसतील. कसल्या बसतात! नोकरीत निदान ड्यूटी तरी संपायची. आता तीही सोय राहिली नाही. गुलमंडीवर खरेदीला निघालेल्या बाईची रिक्षा थांबवून विचारणार, "सकाळची गोळी घेतली का?" 'घेतली' म्हटलं की पुढचा प्रश्न तयार, "कोणत्या रंगाची होती?"

लोक औषधांशी काय काय खेळ करतात, हे त्यांना पाठ होतं. कुणी डोकं दुखलं तरच बीपीची गोळी घेणार, कुणी आपल्याला लागू पडलेली गोळी शेजारणीला वाटीभर साखरेसारखी उसनी देणार. तोंडानं मात्र सगळे हरिश्चंद्र. म्हणून बाईंनी कायदाच केला. रविवारी त्या घरोघर फेरी मारणार आणि प्रत्येकानं गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून दाखवायची. नुसत्या तोंडी गप्पा चालणार नाहीत.

या कायद्यात पहिला नंबर आप्पासाहेबांचा. मूळचे देवगाव रंगारीचे शेतकरी. बायको गेल्यावर मुलगा शिवराज त्यांना शहरात घेऊन आला. शिवराज चितेगावला कंपनीत, सून सोनिया घरीच शिकवण्या घ्यायची. आप्पासाहेबांच्या छातीचे ठोके वेडेवाकडे पडायचे, म्हणून रक्त पातळ ठेवायची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ घ्यायची होती. ती चुकली तर रक्ताची गाठ होऊन लकवा मारेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आप्पासाहेब दर रविवारी पाकिटं ओळीनं मांडून बसायचे. एकही कॅप्सूल शिल्लक नसायची. "शिका जरा त्यांच्याकडून," म्हणत बाईंनी साऱ्या कॉलनीत त्यांचं नाव गाजवलं होतं.

दिवाळी झाली आणि आप्पासाहेबांच्या हातांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. विचारलं तर म्हणाले, "कुठंतरी लागलं आसंल." मग एकदा सोनियानं बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की दात घासताना रक्त येतंय आणि लवकर थांबत नाही. बाईंनी ओळखलं. रक्त जरुरीपेक्षा जास्त पातळ झालं असणार. हेच उद्या मेंदूत कुठं सुटलं तर? त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "औषध बरोबर घेतात ना? आणि उद्या त्यांना घेऊन या."

"औषधाचं मी लिहून देते," बाई म्हणाल्या.

म्हणायला म्हणाल्या, पण चैन पडेना. दुसऱ्या दिवशी फेरीचा वार नसताना, सकाळच्या जेवणाच्या वेळेला त्या आप्पासाहेबांच्या घरी थडकल्या. आप्पासाहेब गॅलरीत बसले होते. त्यांनी कॅप्सूल चिमटीत धरून हलकेच फिरवली, दोन भाग सुटे केले, आतले दाणे वाटीतल्या दह्यात टाकले, कवच कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं आणि दही खाऊन टाकलं. हात असा सरावलेला, की हे काही आजचं नव्हतं.

"अहो, हे काय चालवलंय!"

आप्पासाहेब दचकले. त्यांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. "बाई, म्या माळकरी मानूस. सप्त्यात एक म्हाराज बोलले, ह्ये कवच हाडाचं करतेत. त्ये पोटात कसं घालू? पन औषीद तर घ्यायचंच हाय. म्हनून आतलं तेवढं घेतो. एक दाना वाया जाऊ देत नाय."

बाईंना हसावं की रडावं कळेना. लबाडी पकडायला आल्या होत्या आणि हा माणूस औषधही पाळत होता, माळही. त्यांनी तिथूनच पुन्हा फोन लावला. डॉक्टर ओरडलेच. हे औषध कवच उघडून घेतलं की रक्तात भलतंच जास्त उतरतं. रक्त त्यामुळंच येत असणार. कॅप्सूल अख्खीच गिळायला हवी. "सांगून टाका, कवच शाकाहारी आहे म्हणून. तुमचं ऐकतात ते."

ऐकतात, तीच तर पंचाईत होती. वॉर्डात बाईंनी असं खोटं कितीदा पचवलं होतं. कडू औषध गोड म्हणून पाजलं होतं, दुखणारं इंजेक्शन दुखत नाही म्हणून टोचलं होतं. आप्पासाहेब त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"बाई, तुमी सांगा. खरंच हाडाचं आस्तंय का? तुमी नाय म्हनलात तर आख्खी गिळतो."

'नाही' अगदी ओठावर आलं होतं. एका शब्दात काम फत्ते.

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "काही कवचं हाडापासून करतात, काही झाडापासून. हे कशाचं, मला खरंच ठाऊक नाही." मग फोनमध्ये, "डॉक्टर, बिनकवचाची साधी गोळी येते का या कामाला?"

येत होती, दुसऱ्या नावाची. संध्याकाळी घेऊन या, तोवर पुढची कॅप्सूल देऊ नका, रक्त तपासून औषध बदलतो, असं डॉक्टर म्हणाले.

बाईंना राग आला होता, आणि तो बहुतेक स्वतःचाच. "इतके दिवस बोलला का नाहीत हो?"

"तुमी समद्या कॉलनीत माजं नाव केलंत. मंग कसं सांगावं? लाज वाटली."

बाईंनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. आप्पासाहेबांनी खाली बघत रिकामी वाटी बाजूला सारली. मग चाचरत म्हणाले, "मंग आजून एक सांगू का? एकादशीला म्या कुठलीच गोळी घेत नाय. पाकिटातून काढतो आन् मोरीत टाकतो." त्यांनी मान वर केली. "चिडनार नाय ना?"

"चिडणार," बाई म्हणाल्या. "पण सांगा. सगळं सांगा."