कमी साखरेचा एक चहा

नांदूरघाटच्या फाट्यावर केजच्या एसटीची वाट बघत मी रोज ज्याच्याकडं चहा प्यायचो, त्याचं नाव कधी विचारलं नाही. त्याच्या टपरीवर पैसे भरायचे दोन कोड चिकटवलेले होते. नेहमीचा कोड चहाच्या डागांनी पार मळलेला. दुसरा बिटकॉइनचा, तो मात्र रोज सकाळी फडक्यानं पुसून लख्ख.

"बिटकॉइन कोण देतं हो इथं?" मी एकदा हसतच विचारलं.

"एकच गिऱ्हाईक हाय. माझं पोरगं. दुबईत असतंय. त्यानंच लावून दिलंय."

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. पोराचे पैसे आले होते. त्यानं कमी साखरेचा ताजा चहा केला आणि ग्लास बाकड्याच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवला.

"मग फोन का करत नाही तो?" मी विचारलं.

"करतो की. पर दोघांलाबी काय बोलावं सुचत न्हाई. हे बरं हाय. त्यो चहा सांगतो, मी देतो."

चहावर साय धरली. एक प्रवासी त्या कोपऱ्यावर टेकायला गेला, तसा टपरीवाला स्टोव्हवरची नजर न काढता म्हणाला,

"पाव्हणं, जरा सरकून बसा. तिथं माणूस हाय."