एकाच रुंदीचे दोन डबे

ताईला सगळे कॉम्प्युटरबाई म्हणतात. ती निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी बँकेत, दुकानात, दवाखान्याच्या जिन्यात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ वाकून विचारतो, "बाई, ओळखलंत का?" आणि ताई त्याला तो कुठल्या बाकावर बसायचा तेसुद्धा सांगते. सांगायची, असं म्हणायला हवं. हल्ली ती नुसती हसते आणि "घरी कसे आहेत सगळे?" असं कुणालाही चालेल असं काहीतरी विचारते.

मी तिची धाकटी बहीण. लग्न दोघींनीही केलं नाही. त्यामुळे भांडायला एकमेकींशिवाय कुणी नाही, आणि ते काम आम्ही अगदी मन लावून करतो.

तिचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला तेव्हा मी पोट धरून हसले होते. मग एकदा ती बाजारातून येताना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पिशवी घेऊन उभी दिसली. कुठे वळायचं ते तिला कळत नव्हतं. तेव्हा मात्र मी हसले नाही, तिचा हात धरून तिला घरी आणलं. आमची आई शेवटी शेवटी आम्हालाच विचारायची, "तुम्ही कोणाच्या गं?" ताईनेच तिचं सगळं केलं होतं. मी डॉक्टरांचं नाव काढलं तशी ती फणकारली, "माझं डोकं ठिकाणावर आहे. तुझं तपासून घे!"

शेवटी तिनेच अट घातली. दर रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंगची स्पर्धा असते. जगभरातली कॉलेजची पोरं त्यात उतरतात, आणि त्यांच्यात ही आमची आजीबाई. "ज्या रविवारी मला एकही प्रॉब्लेम सुटणार नाही, त्या रविवारी मी मुकाट्याने तुझ्या डॉक्टरांकडे येईन." तेव्हापासून माझे रविवार पार नासले. तिला सुटावं म्हणून मी देवाला हात जोडायचे, आणि सुटलं की वाटायचं, झालं, आता आणखी एक आठवडा ही तपासायला येत नाही.

त्या रविवारी सुरुवातीपासूनच तिचं काही खरं नव्हतं. बाकीचे प्रॉब्लेम तिने वाचून सोडून दिले. एक उरला. तो तिने मला समजावला, "तुलासुद्धा कळेल असा आहे." खूप खोकी दिली आहेत, प्रत्येकाची रुंदी आणि उंची दिली आहे. दोन्ही मापांनी लहान असेल तरच एक खोकं दुसऱ्यात जातं. एकात एक अशी जास्तीत जास्त किती बसतील?

"आधी रुंदीप्रमाणे लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावायची," ती म्हणाली. "मग रुंदी विसरून जायची. फक्त उंची बघत रांगेतून पुढे जायचं आणि चढत जाणाऱ्या उंच्या वेचायच्या. मधली सोडली तरी चालतात. सगळ्यात लांब चढती साखळी मिळाली की ते उत्तर."

तिने कोड लिहिला आणि पाठवला. चूक. पुन्हा पाठवला. पुन्हा चूक. पडद्यावरची लाल अक्षरं मला माझ्या खुर्चीवरून दिसत होती. ताईच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या. घड्याळ पळत होतं. एकदम ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, रडायला गेली.

आतून खडखडाट ऐकू आला. बघते तर बाईसाहेबांनी साखर एका ताटात ओतली होती, तांदूळ दुसऱ्यात, चहाची पूड वर्तमानपत्रावर. रिकामे डबे फरशीवर रुंदीप्रमाणे ओळीत लावून ती मांडी घालून बसली होती. मी ओरडायला तोंड उघडलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं.

ती डब्यात डबा घालत गेली आणि मध्येच थांबली. तिच्या हातात एक बुटका डबा होता, समोर एक उंच. दोघांची रुंदी एकच. बुटका काही केल्या उंच डब्यात जाईना.

"हे बघ! रांगेत हा बुटका आधी आला, उंच नंतर. माझ्या कोडला फक्त उंची दिसते. त्याला वाटतं, चढलो! आणि तो हा डबा त्यात बसला म्हणून मोजून टाकतो." तिने दोन डब्यांची अदलाबदल केली. "रुंदी सारखी असली की उंच आधी ठेवायचा, बुटका मागे. मग उंची उतरते. दोन्ही एका साखळीत येऊच शकत नाहीत!"

ती जवळजवळ धावतच गेली. कोडची एक ओळ बदलली आणि तो पाठवला. या वेळी पडद्यावर हिरवी अक्षरं आली. बरोबर! ताईने लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. मलाही इतका आनंद झाला की नेहमीप्रमाणे जीभ घसरली.

"आता काय, परत वर्गात नेणार का माझे डबे?"

"परत म्हणजे?"

मी चहा टाकते म्हणून वळले. तिला माझी निमित्तं बरोबर कळतात.

"परत म्हणजे काय गं?"

सांगावंच लागलं. हाच प्रॉब्लेम ती दर वर्षी मुलांना शिकवायची. दर वर्षी माझे डबे रिकामे करून पिशवीत भरून न्यायची, आणि दर वर्षी मी आकांडतांडव करायचे. त्यातही हा बुटका आणि हा उंच तर ठरलेलेच. मी समजत होते, डबे काढले म्हणजे तिला आठवलंच असणार.

ताई परत स्वयंपाकघरात आली आणि डब्यांपाशी बसली. बुटका डबा उचलून तिने आतून बाहेरून पाहिला.

"मला हे आठवलं नाही," ती म्हणाली. "मला हे आत्ता सुचलं."

मी तिच्याजवळ बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते लपवायचंही मला सुचेना. तिने तिचा पदर पुढे केला.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ती म्हणाली.

"अगं, पण सुटलं ना? आपलं ठरलं होतं..."

"सुटलं, म्हणूनच येते. त्यांना दोन्ही सांगायचं. आठवत नाही हे सांगायचं आणि सुचतं हेही सांगायचं. तू पहिलंच सांगून रडत बसशील." ती साखर डब्यात भरायला लागली. "आणि वेळ सकाळची घे. सकाळी माझं डोकं चांगलं चालतं."