कडुलिंबाच्या फळीतली कडी

मागच्या उन्हाळ्यात मामानं देगलूरजवळच्या गावातला जुना गोठा पाडून पत्र्याचं शेड उभं केलं. निघालेलं लाकूड जळणासाठी कडेला रचून ठेवलं होतं. माय आणि मी तेव्हा तिथं राहायला गेलो होतो. मायचे गुडघे गेलेले. अंगणात सगळे खाली बसले की ती एकटी खुर्चीत, उंचावर. बोलणं तिच्या पायांपाशी चालायचं.

मी मामाला म्हटलं, "ह्या लाकडाचं बाकडं करू या का?"

"सुतार कोण, तू?" मामा हसला. "करवत हाय माझ्याकडं. बोटं सांभाळ म्हंजे झालं."

माझी सगळी नोकरी टपाल कचेरीत गेली. करवत कधी हातात धरली नव्हती. पण ढीग उपसायला लागले आणि नवलच वाटायला लागलं. वाळवीनं एक खांब पार पोखरला होता आणि त्याला खेटून असलेल्या दुसऱ्याला शिवलीही नव्हती. "असं का?" मी विचारलं.

"वाळवीलाच इचार," मामा म्हणाला.

बसायला एक जाडजूड फळी निवडली. माय म्हणाली, "कडुलिंब हाय. चाटून बघ." मी खरंच जीभ लावली. कडू काहीच लागलं नाही, नुसती धूळ. मायला हसू आवरेना.

फळी लांब होती म्हणून कापायला घेतली, तर मधेच करवत किर्र वाजून अडली. वरून-खालून पाहिलं, खिळा नाही, भोक नाही. मामानं पटाशीनं कोरलं तेव्हा आत गंजलेली छोटी कडी निघाली. लाकडाचे रेशे तिला वळसा घालून गेलेले. झाड उभं असतानाच कुणीतरी ती ठोकली असणार, आणि वाढता वाढता झाडानं ती पोटात घेतली.

"म्हैस बांधत असतील," मामा म्हणाला.

"एवढ्याशा कडीला म्हैस? शेळी म्हण," माय म्हणाली. "न्हाईतर झोळी असंल. तुला बी मी निंदायला जाताना अशीच झाडाला टांगत होते."

"मला? झाडाला?"

"मग घरी कुणाजवळ ठेवू? कोण होतं?"

माय दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची, हे मला ठाऊक होतं. तेव्हा मी कुठं असायचे, हे कधी विचारलंच नव्हतं.

"कोणत्या झाडाला?"

"सावली आसंल त्याला. बाभळीला न्हाई, काटे गळतेत."

"रडायचे का गं मी?"

"लई न्हाई. एकदा मुंग्या चढल्या झोळीत, तवा रान डोक्यावर घेतलंस."

मी आणखी विचारत राहिले. दूध कधी पाजायचीस, पाऊस आला तर काय करायचीस. शेवटी मामा मायवर वैतागला. "अक्का, बाकडं करायलाव का गप्पा हाणायलाव?"

कडीच्या जरा अलीकडून फळी कापली. न पोखरलेल्या खांबाचे तुकडे पाय म्हणून लावले, ट्रॅक्टरचे जुने नटबोल्ट आवळले, जवसाचं तेल चोळलं. मायनं बसून पाहिलं. "कलतंय." मामानं एका पायाखाली चपटा दगड सरकवला. "आता?" ती जरा हलून म्हणाली, "हाव, बसलं."

संध्याकाळी शेजारची म्हातारी आली आणि न विचारता मायला चिकटून बसली. कुणाच्या तरी सोयरिकीचं बोलणं निघालं, सीमेवरचं गाव म्हणून मधे तेलुगू, मधे मराठी. निम्मं मला कळत नव्हतं. मी खाली बसून अंगठ्यात गेलेलं लाकडाचं कुसळ काढत ऐकत होते.