नलूताईंचा गुरुवारचा वर्ग

नलूताई कुणालाही भेटल्या की आधी मनगट धरायच्या. पंचवटीतल्या आमच्या इमारतीत मी राहायला आले, त्या दिवशी जिन्यातच त्यांनी माझंही धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फार पळतेयस गं. सगळं सामान आजच लागायला हवं असं नाही." त्यांची अख्खी नोकरी दवाखान्यात सिस्टर म्हणून झाली होती. निवृत्त झाल्या तरी बोटं अजून ड्युटीवरच होती.

कोविडच्या वॉर्डातला काळ मात्र त्यांच्या अंगात राहिला. झोप उडाली. कुठेही मशीनचा बीप ऐकू आला की छातीत धडधडायचं. मुलीच्या आग्रहाखातर त्या माइंडफुलनेस शिकायला जाऊ लागल्या आणि पुढे शिकवण्याचं प्रशिक्षणही त्यांनी पूर्ण केलं. त्या शब्दाचा त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला होता. "पेशंटकडे लक्ष देतो ना, तसंच स्वतःकडे द्यायचं. लवकर बरा होत नाही म्हणून पेशंटवर ओरडतो का आपण?"

पण वर्ग सुरू करा म्हटलं की त्या चहा ठेवायला उठायच्या. प्रमाणपत्र कपाटात, साड्यांच्या खाली. "कालच दूधवाल्यावर ओरडले मी. झोपेतून अजून दचकून उठते. आणि लोकांना सांगू, शांत बसा? ही चक्क फसवणूक झाली."

दोन वर्षं हेच चाललं. मग माझ्या नवऱ्याला अपघात झाला. तो बरा झाला, पण मला घराबाहेर पडायची भीती बसली. एक दिवस मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. "मला तरी शिकवा." माझ्या तोंडाकडे बघून त्यांना नाही म्हणवलं नाही.

गुरुवारी दुपारी सोसायटीच्या खोलीत आम्ही पाचजणी जमलो. नलूताईंनी वहीत सगळं लिहून आणलं होतं. "डोळे मिटा. आता सावकाश..." एवढं वाचलं आणि बाहेर रिव्हर्स घेणारा एक टेम्पो बीप-बीप करू लागला. वाचन थांबलं. मी डोळे उघडले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "हा आवाज आला की मी वॉर्डात जाते. मला स्वतःलाच जमत नाही. घरी जा तुम्ही."

कुणी उठलं नाही. मग बाजारात भाजी विकणाऱ्या हिराबाई बोलल्या. "ताई, तुमचं बी मन असं पळतं?"

"पळतं."

"मंग बरं झालं. मला वाटलं, माझंच हाय तसं. ज्याचं पळतच नाय, त्याला आमचं काय कळणार? पण गेलेलं मन परत कसं आणता, तेवढं सांगा."

नलूताईंनी वही मिटली. "पाय टेकवते. फरशी गार लागते. मग म्हणते, नलू, तू इथे आहेस. पुन्हा पळालं, की पुन्हा टेकवते."

आम्ही पाचही जणींनी पाय फरशीवर नीट टेकवले. टेम्पो अजून ओरडतच होता.

त्यानंतर वही कधी वर्गात आली नाही. "शांत झालीस का, असं मी विचारणार नाही," त्या म्हणायच्या. "कुठे जाऊन आलीस, ते सांग." हिराबाई प्रामाणिकपणे सांगायच्या, "टमाट्याच्या क्रेटपाशी." सगळ्यांत मोठ्याने नलूताईच हसायच्या. तिसऱ्या महिन्यात मी एकटी स्कूटरवरून गोदावरीचा पूल ओलांडून आले आणि पहिला फोन त्यांना केला.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगी त्यांना कोल्हापूरला घेऊन गेली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी वर्ग माझ्याकडे सोपवला.

"मला तुमच्यासारखं नाही येणार," मी म्हटलं.

त्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला माझ्यासारखं यायला दोन वर्षं गेली. तू तेवढी घालवू नकोस."

पुढच्या गुरुवारी माझा आवाज इतका कापत होता, की मी ते आधीच सांगून टाकलं. हिराबाई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.