बिनहवेचा सूर्यभान

गोपालरावांनी सूर्यभानला पहिल्यांदा पाहिलं आणि चपला तिथंच टाकून ते थेट वरूडपर्यंत पळाले. डोक्यावर शेवाळ, डोळे लालभडक आणि दातांत बादलीची कडी धरून विहिरीतून वर आलेला हा प्राणी भूत नसून डुबक्या मारणारा माणूस आहे, हे त्यांना पटायला संत्र्याचा एक अख्खा बहर जावा लागला.

विहिरीत पडलेली वस्तू सूर्यभाननं कधी सोडली नव्हती. यंदा ऐन उन्हाळ्यात गोपालरावांच्या मोटरीचा दोर तुटला. मोटर तीस फूट पाण्याखाली, सूर्यभान आजवर उतरला नव्हता इतकी खोल गेली आणि वर संत्र्याच्या झाडांनी माना टाकल्या. सूर्यभाननं पुन्हापुन्हा बुडी मारली आणि दर वेळी तो कान दाबत अर्ध्यातून परतला.

“क्रेन बलावतो,” गोपालराव म्हणाले.

“क्रेन आली तं मी विहिरीत उतरनंच सोडीन!”

सूर्यभानच्या घरी त्याची पुतणी अपेक्षा आली होती, अमरावतीला प्राणिशास्त्र शिकणारी. ती म्हणाली, “काका, समुद्रात आठ किलोमीटर खाली एक लिबलिबीत मासा रायते. नखाएवढ्या जागेवर दोन बैल उभे केले, एवढा दाब! तरी तो चेपत नाही.”

“काहून?”

“त्याच्या आंगात हवेची पिशवीच नाही. चेपते ते हवा. बाकी आंग जेलीवानी नरम, आतबाहेर दाब सारखा. अन् पेशींत एक द्रव्य असते, ते प्रथिनांचा आकार बिघडू देत नाही.”

सूर्यभाननं यातलं सोयीचं तेवढं उचललं. दुसऱ्या दिवशी साऱ्या गावादेखत त्यानं छातीतली हवा पार सोडली आणि उडी मारली. गेला त्याच्या दुप्पट वेगानं तो वर आला. तोंड वांग्यासारखं.

“बिनहवेचे झाले, बिनअकलेचे तं होतेच,” बायको जमुना म्हणाली.

“काका, माशाले कल्ले असतात!” अपेक्षा ओरडली. “तुमी छाती भरूनच जा. कानाच्या पडद्यामागची हवा चेपून राहिली, म्हणून दुखते. तोंड मिटून, नाक दाबून हळूच फुका, आतबाहेर सारखं होते.”

“हे काल काहून नाही सांगितलं?”

“तुमी मासा व्हाले निघसान, हे मले काय मालूम!”

दिवसभर सूर्यभान नाक दाबून फुंकत घरात फिरला. संध्याकाळी पुन्हा उतरला. थोडं खाली गेला की फुंकायचा, कानात टक् व्हायचं, की आणखी खाली. शेवटी हाताला थंडगार लोखंड लागलं. त्यानं दोर बांधला आणि वर येऊन गर्जना केली, “ओढा!”

गावानं मोटर ओढली. वरूडच्या मिस्त्रीनं ती उघडून पाहिली. पडायच्या आधीच ती जळालेली होती.