यारीवरची गीताबाई

पारनेर भागात आमची विहिरी खोदायची टोळी होती. यारी, म्हणजे खालचा दगड वर ओढणारी क्रेन, गीताबाई चालवायची. यारीवर बाई मी दुसरीकडे पाहिली नाही. खाली माणसं असली की ती कुणाशी बोलायची नाही.

टोळीतल्या माझ्या शेवटच्या उन्हाळ्यात सुप्याजवळ काम होतं. भरलेली बकेट निम्म्यात आली आणि विहिरीची कड ढासळली. खाली तिचा नवरा रंभाजी होता. धुरळा उठला. तिनं हाका मारल्या, उत्तर नाही. ब्रेक सुटला असता तर बकेटीतला दगड रंभाजीवरच गेला असता. तिनं बकेट वर आणली, रिकामी करवली, पुन्हा खाली सोडली. रंभाजी तीत बसून वर आला. धुळीनं पांढरा, पण धड.

मगच ती छाती दाबून खाली बसली. घाम फुटलेला, डावा हात जड.

"ब्रेक वढून हात भरलाय वहिनींचा. चोळायला त्याल आना रं," टोळीतला सहादेव म्हणाला. आम्हा सगळ्यांना तसंच वाटलं.

रंभाजी ओरडला, "त्याल ऱ्हाऊ दे, टेम्पो काढ!"

नगरच्या दवाखान्यात ईसीजी अटॅकचाच दिसला. अँजिओग्राफी केली, तर शिरा मोकळ्या. डॉक्टर म्हणाले, "जबर धक्क्यानं हृदयाचा खालचा भाग फुगून ढिला पडलाय. क्वचित होतं. दिसतं आणि दुखतं अटॅकसारखंच, तपासल्याशिवाय कळत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं."

तिचं सुधारलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासून कामाची मोकळीक दिली. टोळीनं दिली नाही.

"वहिनी, ब्रेकवर असताना परत कळ आली तर? खाली आमी असतो," सहादेव तोंडावर बोलला. बोलणं कडू होतं, पण रास्त होतं.

"मंग बघा अन् ठरवा," ती म्हणाली.

तिनं दगडानं भरलेली बकेट उचलली, विहिरीच्या मधोमध थांबवली आणि धरून ठेवली. दोर हलला नाही. मग बकेट वर घेऊन रिकामी करवली. रंभाजी बसायला निघाला.

"तुमी नगा. नवरा काय, बायकोच्या धाकानं बी बसंल. दुसरं कुनी या."

सगळे हसले. सहादेवनं चप्पल काढली आणि बकेटीत पाय टाकला.

"सोडा, वहिनी. पर माझी बायको लई भांडखोर हाय, ध्यानात ठिवा."

तिनं ब्रेक सैल केला. दोर एकसारखा सुटत गेला. थोड्या वेळानं खालून सहादेवचा आवाज आला, "बकेट टेकली व्हय? मला कळलंच न्हाई!"